फरशीखाली काय घालायचं?

कुणाच्याही घरी गेलो की मी आधी खाली बघतो. यजमानाला वाटतं, पाहुणा लाजाळू दिसतोय. आमच्या मंडळीला मात्र ही खोड ठाऊक आहे, म्हणून ती उंबऱ्यातच कोपर मारते. "लोकायच्या तोंडाकडं बघा जरा. आपण साखरपुड्याला आलोत, फरशी बघायला न्हाई." पण करणार काय? सगळी हयात गुडघ्यांवर गेली. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी या पट्ट्यातल्या किती घरांत मी फरशी बसवली ते आता सांगता यायचं नाही. माणसांची नावं विसरतो, पण घरात पाय ठेवला की जमीन ओळखू येते.

आता गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि काम थांबलं. या अंकाचे संपादक घरी आले तेव्हा म्हणाले, "मिस्त्री, लिहा काहीतरी. कुठं कुठं कसली नक्षीदार फरशी बसवली ते लिहा." मी म्हणालो, "साहेब, नक्षी कारखान्यात होते. त्यात माझं काय? माझं काम फरशीच्या खाली असायचं, आणि ते कुणालाच दिसलं नाही. लिहायचं तर खालचं लिहीन." ते जरा हिरमुसले, पण चहा पिऊन झाला होता, त्यामुळं नाही म्हणता आलं नाही.

तर खालचं. आमच्याकडची जमीन काळी. कापूस, तूर, सोयाबीन म्हणाल तर झकास येतं, पण घर बांधायला ही माती महाखट्याळ. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की शेळीच्या करडाचा पाय अडकावा. पावसाळा लागला की तीच माती पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात आणि वर जे काही असेल ते ती उचलून धरते. वर गुराचा गोठा आहे की तहसील कचेरी, याचा ती काही विचार करत नाही. जाणता माणूस घर बांधताना काळी माती उकरून टाकतो आणि मुरूम भरतो. पण मुरूम लांबून आणावा लागतो, आणि भिंती उभ्या राहीपर्यंत माणसाचा उत्साह संपलेला असतो. मग वरवर चार टोपली मुरूम पसरून "झालं, झालं" म्हणतात.

जुनी शहाबादी फरशी होती तोवर हे खपून गेलं. ती वाळूवर, चुन्याच्या मालात, जरा ढिली बसवलेली असायची. खाली जमीन हलली की ती पण थोडी सरकून घ्यायची. एखादी कलली तरी कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. नव्वदच्या पुढं चकाकणारी टाईल आली आणि सगळ्यांना घरात तोंड दिसेल अशी जमीन हवी झाली. ही टाईल दिसायला देखणी, स्वभावानं ताठ. सिमेंटनं कोब्याला, म्हणजे खालच्या काँक्रिटच्या थराला, घट्ट चिकटवली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ठासून भरली की ती जागची हलूच शकत नाही. आणि खालची जमीन तर हलल्याशिवाय राहत नाही.

याचा निकाल मी कळमनुरीला बघितला. तिथल्या एका आडत्याच्या बैठकीत मी टाईल बसवली होती. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या मुलीला बघायला पाहुणे आले. आडत्यानं मलाही बोलावलं, कारण त्याला मुलीइतकंच फरशीचंही कौतुक ऐकायचं होतं. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली, आणि बैठकीच्या मधोमध फाट्‌दिशी आवाज झाला. दोन टाईल कपाळाला कपाळ लावून तंबूसारख्या उभ्या राहिल्या. मुलाचे मामा ताटलीसकट सोफ्यावर चढले. कुणी ओरडलं, "बंदूक!" कुणी ओरडलं, "गॅसची टाकी!" सगळ्यांची अशी पळापळ चाललेली असताना मुलगी मात्र ट्रे छातीशी धरून खो खो हसत उभी. मुलाला ते हसणं आवडलं आणि सोयरीक तिथंच जमली. आडत्यानं मला बाजूला घेतलं. "मिस्त्री, पोरगी उजवली ती तुमच्या टाईलनं, हे बराबर. पन धाकटीच्या टायमाला असलं कायी नको बरं का."

दुरुस्तीला गेलो तेव्हा उत्तरही त्याच घरात सापडलं. बैठकीची टाईल उठली होती, पण शेजारच्या खोलीतली जशीच्या तशी होती. खाली जमीन तीच, माल तोच, हात माझाच. मग ही काहून शहाणी? कोपऱ्यातली एक टाईल काढून बघितली तर मालाच्या खाली प्लॅस्टिकचा कागद. नव्या कोब्यावरचं पाणी सुकू नये म्हणून तो अंथरतात. कोबा करणाऱ्या गड्यानं तो उचललाच नव्हता आणि माल त्याच्यावरच पडला होता. त्यामुळं वरचा माल खालच्या कोब्याला चिकटलाच नाही. कोब्याला तडा गेला होता, चांगला बोट फिरवून कळेल असा, पण वरच्या फरशीला त्याचा पत्ताच नव्हता. ती सतरंजीसारखी आपली निवांत पसरून होती.

त्या दिवसापासून मी फरशीखाली अस्तर घालायला लागलो. कोटाला असतं तसं. खाली कोबा, त्यावर अस्तर, त्यावर मालाचा जाड थर, त्यात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी, आणि वर टाईल. चारी बाजूंनी भिंतीपासून बोटभर फट सोडायची, म्हणजे फरशीला अंग हलवायला जागा राहते. ती फट वरून भिंतीच्या पट्टीनं झाकली जाते. एवढंच शास्त्र. पण ते गिऱ्हाइकाला पटवणं म्हणजे रेड्याचं दूध काढणं.

"ते अस्तर दिसनार हाय का?"

"नाही."

"मंग काहून घालायचं?"

मी म्हणायचो, "तुमच्या पायजम्याची नाडी दिसते का?" काही हसायचे आणि हो म्हणायचे. काही चिडायचे आणि दुसरा मिस्त्री बघायचे.

जे हो म्हणायचे ते अस्तर म्हणून काय काय आणून देतील याचा नेम नसायचा. कुणी खताच्या गोण्यांतलं आतलं प्लॅस्टिक आणलं. त्याचे तुकडे इतके की सगळा जीव जोडात जायचा, आणि खोलीला युरियाचा वास. कुणी गव्हावर झाकायची ताडपत्री आणली, तीही नेमकी भोकं पडलेली. सेनगावच्या एका पुढारी भक्तानं निवडणुकीतले फ्लेक्स आणले. उमेदवार पडला होता, त्यामुळं मालाला तोटा नव्हता. फ्लेक्स वाईट नाही, चिवट असतो. फक्त त्याला घडी पडली की ती मोडत नाही, आणि घडीवर माल पोकळ राहतो. मी घड्या चापून बसवत होतो तर मालक म्हणाले, "सायबाचं तोंड खाली करू नका. आमच्या नेत्याला पालथं घालायचं न्हाई." म्हटलं, तोंड वर केलं तर त्याच्यावर माल पडणार. ते विचारात पडले. शेवटी तोंड वर ठेवून, दोन्ही हात जोडून साहेब गेले मालाखाली. पुढच्या निवडणुकीत ते निवडून आले आणि आभार मानायला त्याच घरी चहाला आले. मालक मला नंतर सांगत होते, "बराबर सोताच्या छातीवर पाय ठिवून बसले व्हते, मिस्त्री. मला हसू आवरंना."

हे सगळं वापरून झाल्यावर माझं मत पक्कं झालं ते नांदेडहून येणाऱ्या डांबरी फेल्टवर. छतावर पाणी गळू नये म्हणून टाकतात तेच. जड असतं, उन्हात पसरून मऊ करून घ्यावं लागतं, हात काळे होतात, आमच्या घरी साबण जास्त लागायचा. पण ते फावड्यानं फाटत नाही, पाणी वर येऊ देत नाही आणि अंथरलं तिथं गुमान पडून राहतं. कोरड्या, पक्क्या जागी साधा जाड प्लॅस्टिक कागद पुरतो. काळ्या मातीवर, जिथं कोब्याला आधीच तडा आहे, तिथं फेल्ट. आणि खालची जमीन वीतभर उसळणार असेल तर कसलंही अस्तर घाला, फरशी उठणारच. तिथं आधी जमिनीचं औषध करावं लागतं.

हे मी इतक्या ठासून सांगतोय, कारण माझी खरी परीक्षा झाली ती सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावला, मारोतरावांच्या घरी. तोवर हिंगोलीचा जिल्हा होऊन बरीच वर्षं झाली होती आणि गावोगाव सिमेंटची घरं उभी राहत होती. मारोतरावांकडं शेळ्या-मेंढ्यांचा मोठा कळप आणि थोडी शेती. जीपनं सेनगाव गाठून, तिथून पुढं विचारत विचारत ते माझ्या दारात आले. फरशीचं काम आहे असं कुणी सांगायला आलं की साधारण रंग बोलतो, नक्षी बोलतो. हा माणूस उंबऱ्यात बसला आणि म्हणाला, "मिस्त्री, माजी माय घरात येत न्हाई."

त्यांची आई गिरजामाय. बरीच वर्षं तिची नजर गेलेली. जुन्या मातीच्या घरात ती बिनकाठीची फिरायची. कुठं जमिनीला खळगा, कुठं उंचवटा, कुठं चुलीची ऊब, सगळं तिच्या पायांना पाठ होतं. भाकरी भाजायची ती सुद्धा न करपवता. मग मुलानं हौसेनं नवं घर बांधलं आणि कुण्या मिस्त्रीकडून टाईल बसवून घेतली. पहिल्याच पावसाळ्यात मधली टाईल उठली. गिरजामायचा पाय अडखळला, ती पडली आणि मनगट मोडलं. तेव्हापासून तिनं ओसरीवर खाट टाकली ती टाकलीच. आत पाय ठेवायला तयार नाही. वर म्हणायला लागली, "मला शेतातल्या झोपडीत मेंढरापाशी नेऊन सोडा. तिथं मातीची जमीन हाय."

"लोक म्हंतील, पोरानं बंगला बांधला आन् मायला मेंढरात ठिवलं," मारोतराव म्हणाले. आणि लगेच, "लोकायचं जाऊ द्या वो. तिच्याबिगर मला घरात करमत न्हाई." एवढा दांडगा गडी, मिशीला पीळ भरलेला, पण डोळे भरून आले होते. मी पिशवीत थापी टाकली आणि निघालो.

गिरजामाय खाटेवर घोंगडी पांघरून बसली होती. मोडलेलं मनगट जरा वाकडं जुळलेलं.

"कोन आलं?"

"फरशीवाला मिस्त्री आहे, माय."

"पहिलाबी मिस्त्रीच व्हता. त्यानं बैठकीतली उठवली. तू कोनत्या खोलीतली उठवनार हायस?"

मारोतरावांची बायको कांताबाई पदरात तोंड लपवून हसल्या. मी म्हणालो, "माय, मी बसवलेली उठत नसते."

"बसवनारे समदे असंच म्हंतेत. ऐक. एक पावसाळा मी बघीन. जिमीन गुमान निजून राहिली तर आत येईन. उठली, तर दुसऱ्या दिशी मी मेंढरात. मंग ह्यानं रडायचं न्हाई आन् तू बोलायचं न्हाई."

असा सौदा ठरला. मारोतराव माझ्याकडं असे बघत होते, जणू मी डॉक्टर आहे.

आधी घराभोवती फिरलो. उठलेल्या टाईलच्या नेमक्या बाजूला, भिंतीला लागून, शेळ्यांना पाणी पाजायचा हौद. तो रोज भरून वाहायचा आणि सगळं पाणी घराच्या पायात मुरायचं. म्हणजे एका बाजूची माती बारा महिने पाणी पिऊन फुगलेली आणि दुसऱ्या बाजूची उन्हाळ्यात वाळून आकसलेली. मध्ये बिचारा कोबा ओढाताणीत फाटलेला. मी म्हणालो, "हा हौद आधी हलवा." मारोतराव म्हणाले, "शेळ्यायला सवय हाय इथली." म्हटलं, "शेळ्यांना नवी सवय लागेल. मातीला नाही लागायची." हौद लांब गेला. शेळ्या मात्र पुढं कितीतरी दिवस जुन्या जागी येऊन भिंतीकडं तोंड करून उभ्या राहायच्या आणि माझ्या नावानं ओरडायच्या.

मग जुनी टाईल उखडली, हौदाच्या बाजूची ओली काळी माती काढून मुरूम ठोकून भरला आणि कोबा जोडून घेतला. नांदेडहून फेल्ट आलं. अंगणात उन्हात पसरलं तर त्याच्या वासानं मेंढरं शिंकायला लागली. गिरजामायनं ओसरीवरून विचारलं, "हा कायचा वास रे? सडक करून राहिला का घरात?"

मी तिला समजावून सांगितलं. खालची जमीन हलते, वरची फरशी हलू नये, म्हणून मध्ये हे अस्तर. ती मन लावून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजी जिमिनीला पांघरून घालायचं. मंग डांबर काहून? माजी घोंगडी घाल. लोकर हाय, आपल्या मेंढरायची. थंडी-पावसात माझ्या सासऱ्याच्या अंगावर व्हती, कायी झालं न्हाई तिला."

आता आली का पंचाईत! लोकर पाणी धरते, मालाखाली ओली राहिली की कुजते आणि मग फरशी पोकळ. हे तिला सांगितलं तर ती रुसली. "मंग बस तुझं डांबर घालत." कांताबाई हळूच म्हणाल्या, "घोंगडी न्हाई घातली तर सासूबाई आत यायच्या न्हाईत, लिहून ठिवा." मी तिथंच विडी पेटवली आणि विचार करत बसलो. माझी नजर भिंतीकडच्या फटीवर गेली. ही फट भरायला मला काहीतरी मऊ लागतच होतं, फरशी सरकली की दबेल आणि मागं गेली की फुगेल असं. नाहीतर मिस्त्रीची पाठ फिरली की घरातल्या बाया त्यात पांढरं सिमेंट भरतात, मुंग्या येतात म्हणून. आणि ती जागा फेल्टच्या वर, कोरडी.

"माय," मी म्हणालो, "घोंगडी घालतो. पण खाली नाही, कडेनं. सगळ्या घराला काठ लावू घोंगडीचा."

ती खुलली. "लुगड्याला असतो तसा?"

"तसाच."

तिनं स्वतः कात्री मागितली. वाकड्या मनगटानं, चाचपत चाचपत, त्या जुन्या घोंगडीच्या पट्ट्या कापून दिल्या. एकही वाकडी नव्हती. चारी भिंतींना मी त्या ठासून भरल्या आणि वरून पट्टी बसवली. कांताबाईंना दम दिला, "इथं सिमेंट भरलंत तर ते सासूबाईंच्या घोंगडीवर पडेल." त्या म्हणाल्या, "न्हाई बा, माझी काय बिशाद!" माझ्या सगळ्या आयुष्यात ती एकच फट अशी होती की जिला घरच्या बाईनं हात लावला नाही.

काम संपत आलं. स्वयंपाकघराचा कोपरा तेवढा राहिला होता, आणि मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेत होतो. तेवढ्यात जोशीकाका आले. ते पंचक्रोशीतली धर्मकार्यं करायचे. गिरजामायनंच बोलावलं होतं, कारण तिच्या मते फरशी उठली ती घराची वास्तुशांत राहून गेली म्हणून. त्यांच्या मागं एक गडी खांद्यावर पहार घेऊन.

"पहार कशाला, काका?"

"अहो, वास्तुपुरुष पुरायचा ना! आग्नेय कोपऱ्यात, गुडघाभर खड्डा." आणि त्यांनी बोट दाखवलं ते थेट माझ्या फेल्टकडं.

मी पहार आणि फेल्ट यांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. ज्या अस्तराला टाचणीचं भोक पडू नये म्हणून मी चपला काढून चालत होतो, त्याच्यात गुडघाभर खड्डा! आणि एवढ्यावर भागत नाही. त्या खड्ड्यात पाणी ओतायचं, दहीभात घालायचा, सात प्रकारचं धान्य घालायचं. म्हणजे मी पाणी बाहेर ठेवायला हौद हलवला आणि हे कलशानं आत ओतणार. मी म्हणालो, "काका, वास्तुपुरुष पेटीत घालून कपाटात ठेवला तर?"

"मिस्त्री, मी तुम्हाला सांगतो का, टाईल भिंतीवर उभी चिकटवा म्हणून?"

बोलणं बरोबर होतं. मी म्हणालो, "मग निदान खड्डा मला करू द्या. पहार नको." काका समजूतदार माणूस. म्हणाले, "खड्डा कुणीही करा. मुहूर्त चुकवू नका म्हणजे झालं."

मग मी कोपऱ्यात एका टाईलएवढा चौकोन आखला. तिथलं तेवढंच फेल्ट कापलं, कोबा छिन्नीनं हळूहळू काढला, खड्डा केला, आणि फेल्टच्या कडा चौकोनाभोवती परातीच्या काठासारख्या वर वळवल्या, म्हणजे आतलं पाणी आत राहील आणि बाकीच्या फरशीला त्याची हवा लागणार नाही. भोवतालची टाईल पुरी केली. पूजा झाली. काकांनी मूर्ती पेटीत पालथी ठेवली. गिरजामाय खाटेवरूनच विचारत होती, "पालथी काहून?" काका म्हणाले, "तशीच ठेवतात, आजी. तो खाली तोंड करून निजलेला असतो, घर पाठीवर घेऊन." "म्हंजी त्यालाबी दिसत न्हाई म्हना कायी," ती म्हणाली. काकांनी ते ऐकलं नाही असं दाखवून पुढचा मंत्र म्हटला.

खड्डा मातीनं बुजवला, वर वाळू भरली आणि त्यावर एकच टाईल नुसती ठेवून दिली. सिमेंट नाही, काही नाही. मुद्दामच. खाली ताजी माती, ओलं धान्य. ते सगळं बसेपर्यंत तिला पक्कं करण्यात अर्थ नव्हता. मारोतरावांना म्हणालो, "पावसाळा झाला की येतो आणि ही घट्ट करून देतो."

तो पावसाळा मी कसा काढला ते मलाच माहीत. आभाळ आलं की शेतकरी खूश आणि मी ओसरीवर येरझारा घालायचो. बायको म्हणायची, "पाऊस पडून राहिला पुसेगावात आन् भिजून राहिले तुमी इथं." तिला हसू यायचं. मला नुसती ती खाट दिसायची. फरशी उठली तर पुसेगावात माझी अब्रू जाणार हे खरंच, पण अब्रू काय, दुसऱ्या गावात पुन्हा मिळवता येते. मारोतरावांची माय मेंढरात गेली असती तर ती काही मला परत आणता आली नसती.

पाऊस उघडला, सोयाबीन निघालं, तेव्हा पिशवी घेऊन गेलो. अंगणात कुणी नव्हतं. ओसरीवर बघितलं तर खाट नाही. गेली म्हातारी शेतात, मी मनाशी म्हणालो. आता मारोतराव भेटले तर काय तोंड दाखवायचं? हाक मारायचाही धीर होईना.

तेवढ्यात आतून आवाज आला, "टक्."

मी दारातून डोकावलो. स्वयंपाकघरातून गिरजामाय येत होती. हातात काठी नव्हती, पाण्याचा तांब्या होता. बैठकीच्या मधून, जिथं ती पडली होती नेमकी त्याच जागेवरून, पाऊल न चाचपता सरळ चालत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"मिस्त्री हायस ना? डांबराचा वास आला. घे, पानी पी."

मी पाणी प्यालो. खाट आत, खिडकीपाशी होती. ती बसल्यावर मी सवयीनं थापीच्या मुठीनं सगळी फरशी वाजवून बघितली. या टोकापासून त्या टोकापर्यंत भरीव आवाज. कुठं तडा नाही, कुठं पोकळ नाही. मारोतराव मेंढरं घेऊन आले आणि दारातूनच हसले. म्हणाले, "दसऱ्याच्या आधीच आली आत. कुनी बोलावलं न्हाई." कांताबाईंनी चहा टाकला. मी फुशारलो होतो, लपवत नाही. मग गेलो आग्नेय कोपऱ्याकडं. ती सुटी टाईल डुगडुगत होती. मी बैठक मारली, थापी काढली आणि वाळू खरवडायला कडेला टोक घातलं.

"हात लावू नको!" खाटेवरून असा आवाज आला की थापी हातातून सुटली.

"अगं माय, सुटी आहे ही. पक्की करून देतो."

"नको. तुजी बाकी फरशी लई झाक हाय रे, पन मुकी हाय. समदीकडं सारखीच. पायाला सांगत न्हाई की मी कुठं आले. ही येकटी बोलती. टक् झालं की मला कळतं, चूल आली. तिथून उजव्या हाताला माठ, पाठीमागं देव. समदं घर मी हिच्यावरून वळखते. तू हिला मुकी केली तर मी पुन्हा खाटंवर."

मी म्हणालो, "पण माय, खाली वास्तुपुरुष आहे. जोशीकाकांना कळलं तर म्हणतील, त्याच्यावर पाय कसा देता?"

"काकायनंच सांगितलं, तो पालथा निजलाय. त्याला मी दिसत न्हाई, मला तो दिसत न्हाई. टक् झालं की दोघायला कळतं, दुसरं मानूस घरात हाय."

एवढं घर मी पक्कं केलं, जमिनीला औषध दिलं, नांदेडहून अस्तर आणलं, आणि म्हातारीनं पसंत केली ती नेमकी मी न बसवलेली टाईल. थापी उचलून पिशवीत टाकली. चहा झाला. निघताना माझ्या मनात आलं, आपणही एकदा ऐकून बघावं. गिरजामाय खिडकीकडं तोंड करून बसली होती. मी चप्पल हातात घेतली, पावलांचा आवाज न करता त्या कोपऱ्यात गेलो आणि टाईलवर हळूच पाय ठेवला.

टक्.

तोंड न वळवता ती म्हणाली, "मिस्त्री, उतर तिच्यावरून. ती माजी हाय."